शालूचा एक नंबर

डिसेंबर लागला की माझ्या मोबाइलवर याद्या येऊन पडतात. वर्षातले सगळ्यात चांगले दहा रॉक अल्बम, वर्षातले पंचवीस पॉप अल्बम, ऐकायचे राहून गेलेले पंधरा. भाची पुण्यात असते, ती पाठवते आणि खाली लिहिते, "मावशी, वाच आणि भांड." मला भांडायची हौस आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. एरवी मी चष्मा पुसून बसते आणि तासभर तिचं डोकं खाते. हा काय तीन नंबरला ठेवायचा अल्बम आहे? कान आहेत की कानातलं अडकवायची खुंटी? यंदा यादी येऊन आठ दिवस झाले, मी उघडलेली नाही. तिचा फोन आला, "मावशी, बरी आहेस ना?" मी म्हटलं, हो, बरी आहे. खोटं बोलले.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या माझ्या गॅलरीतून रस्ता दिसतो. या दिवसांत कापसाचा एखादा ट्रक चुकून या बाजूनं गेला तर विजेच्या तारांना पांढरं काही तरी लटकून राहतं आणि दोन-दोन दिवस हलत असतं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत अमरावतीला येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावरच्या बाभळींना असा कापूस लागलेला असायचा. तो दिसला की आम्ही म्हणायचो, चला, वर्ष संपलं, यादी करायला घ्या. आमचं वर्ष कॅलेंडरवर संपत नसे. जगात फेब्रुवारीत निघालेला अल्बम अमरावतीच्या राजापेठेत पोचेपर्यंत दिवाळी उलटून जायची, त्याला आम्ही काय करणार?

आम्ही म्हणजे मी आणि शालू. एम. ए.ला असताना राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या माडीवर आमची खोली होती. खाली सकाळी सहापासून पोट्टे गणिताची सूत्रं कोकलायचे आणि वर आमची डबल कॅसेटची टेप चालायची. चार गल्ल्या सोडून वहिदभाईंचं दुकान होतं. दुकान कसलं, उभ्या माणसाला वळता येणार नाही एवढी जागा. कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. लग्नाची, कव्वालीची, भजनांची, सगळी. मुंबईहून त्यांचा मावसभाऊ इंग्रजी कॅसेटी पाठवायचा आणि सगळ्या अमरावतीत त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे आम्ही दोघी आणि मेडिकलचे चार-पाच जण. वहिदभाईंना इंग्रजीचा एक शब्द कळत नसे, पण एक नवी कॅसेट पाच मिनिटं ऐकून ते सांगायचे, "इसका ड्रमवाला घर से झगड़ के आया है, ले जाओ, तुमको जमेगा." आणि जमायचंच.

भरून घेतलेल्या कॅसेटला कव्हर नसायचं. नावं आम्हीच ठेवायचो. एका अल्बमच्या मूळ कव्हरवर नुसती लाकडी खुर्ची होती, तो 'खुर्चीवाला'. एक बाई गाताना इतकी कातर व्हायची की तिचं नाव 'पडसं'. एकाचा आवाज दळणाच्या गिरणीतून आल्यासारखा, तो अर्थातच 'गिरणी'. आजही मला त्यांची खरी नावं सांगता येत नाहीत. भाचीशी भांडताना पंचाईत होते ती याचमुळे.

यादीचे नियम कडक होते. अल्बम दहा, एकेका अल्बममधलं एकच गाणं, साठ मिनिटांच्या कॅसेटवर पाच या बाजूला, पाच त्या बाजूला. सुरुवात दहा नंबरपासून. गाण्याआधी टेपच्या माइकमध्ये स्वतः बोलून कारण सांगायचं. एक नंबर अगदी शेवटी. आणि सगळ्यात मोठा नियम हा की ऐकणारीनं समोरचीचा एक नंबर कधीही मान्य करायचा नाही. जीव गेला तरी नाही. "नाई पटला" असंच म्हणायचं, आणि मग भांडण. शालूनं एकदा 'गिरणी'ला एक नंबर दिला तेव्हा माझ्या यादीतही 'गिरणी'च पहिला होता, तरी मी म्हटलं, नाई पटला. ती उशी घेऊन अंगावर आली. "तुह्या यादीत काय आहे मंग? दाखव!" दोघी हसून हसून पलंगावरून खाली. खालच्या सरांनी छडीनं छत ठोकलं.

शालू गाण्यातलं खालचं ऐकायची. मी शब्द ऐकायचे, गिटार ऐकायचे, वर जे वाजतं ते. ती म्हणायची, "ते सोड वं. खालून जे धम्म धम्म जाऊन राहिलं ते ऐक. गाणं त्याच्यावर उभं आहे." दर्यापूरच्या पल्याड, खारपाणपट्ट्यात तिचं गाव, विहिरीचं पाणी खारं, चहासुद्धा खारट. तिला हे ऐकायला कोणी शिकवलं होतं, देव जाणे. ती माझ्यापेक्षा फार चांगली ऐकत होती. हे तेव्हा मी तिला कधी सांगितलं नाही.

एम. ए. झालं, तिचं लग्न झालं, तिकडेच, दोन गावं सोडून. घर शेतीवालं, काळी कसदार जमीन, नवरा शांत. मी ती डबल कॅसेटची टेप घेऊन अकोल्याला आले, जठारपेठेत एक खोली घेतली आणि ज्युनियर कॉलेजात तासावर शिकवायला लागले. याद्या सुरूच राहिल्या. कापूस घरी आला की ती अमरावतीला यायची, वहिदभाईंच्या दुकानात उभं राहून दहा गाणी भरून घ्यायची आणि कॅसेट कुणाच्या तरी हाती अकोल्याला पाठवायची. पहिल्या वर्षी कॅसेटच्या डबीत कापसाचं एक बोंड निघालं. दुसऱ्या वर्षी तिची मुलगी पिंकी मध्येच रडताना ऐकू आली आणि शालू म्हणाली, "हे सात नंबरमधी नाई आहे, हे घरचं आहे."

मग ती वर्षं आली. मी त्यांचं वर्णन करणार नाही. वर्तमानपत्रांनी पुष्कळ केलं आहे. मुंबई-दिल्लीचे लोक गाड्या घेऊन आले, फोटो काढून गेले. आम्ही अकोल्यात होतो आणि आम्हीही सकाळी चहाबरोबर ते आकडे वाचून पेपर घडी घालून ठेवायचो. कुठल्या गावात कोण गेलं, काय पिऊन गेलं. बोंडात अळी निघाली, पाऊस गेला, पुन्हा पेरलं, पुन्हा गेलं. माझ्या वर्गात एखाद्या मुलाचं डोकं भादरलेलं दिसलं की मी विचारायचं सोडून दिलं होतं. त्या वर्षांत मी अल्बम मात्र भरपूर ऐकले. लाज वाटते सांगायला, पण ऐकले.

त्यातल्याच एका वर्षी, डिसेंबरात एका शनिवारी, एस.टी.तून आलेल्या तिच्या गावच्या एका बाईनं शालूची कॅसेट आणून दिली. डबीत चिठ्ठी होती, "विभे, पूर्ण ऐक. शेवटपर्यंत." मी मनात म्हटलं, हिचा तोरा पाहा. वर्षभर ती अमरावतीला गेलेली नव्हती हे मला वहिदभाईंकडून कळलं होतं. तिच्याकडे टेप साधी, एकाच कॅसेटची. म्हणजे ही गाणी भरणार कशावरून? पोरीनं मागच्याच वर्षीचं काही तरी पुन्हा पाठवलं असणार, नवीन हिनं यंदा काय ऐकलं असेल, कप्पाळ! असं मी म्हटलं. हेच शब्द. कॅसेट कपाटावर ठेवली.

रविवारी मी अमरावतीला गेले तर वहिदभाई वाटच पाहत होते. त्या वर्षीचा अल्बम आला होता. वर्षभर ज्याच्याबद्दल नुसतं ऐकत होतो, तो. "एक ही कॉपी है, और गिऱ्हाइक खड़ा है," ते म्हणाले. "कल शाम की बस से ड्रायव्हर के हाथ भेज देना, मास्तरनी." मी छातीशी धरून घेऊन आले. सोमवारी अकोला बंद होतं, कापसाच्या प्रश्नावरच. सगळी दुकानं कुलपात. घरात एक कोरी कॅसेट नाही. संध्याकाळच्या बसपर्यंत तीन तास होते.

कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक खुंट्या असतात. त्या मोडून टाकल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. शालूनं दोन्ही मोडल्या होत्या, स्वच्छ, सुरीनं. मी त्या दोन खाचांत कागदाचे बोळे कोंबले, वर चिकटपट्टी लावली आणि तिच्या यादीवर तो अल्बम भरला. अकरा गाणी. दोन्ही बाजू. भरताना आवाज मोठा करून नाचले खोलीत. तिची यादी न ऐकता भरला. थांब, एकदा तरी ऐकून घेऊ, असं एका क्षणालाही मनात आलं नाही.

बुधवारी घरमालकांकडे फोन आला. मी धावत खाली गेले. घरमालकांच्या वहिनी तिथंच भाजी निवडत बसल्या होत्या. शालू दर्यापूरच्या फोनवरून बोलत होती, मागे बाजाराचा गलका.

"विभे, भेटली का कॅसेट?"

"भेटली ना वं."

"ऐकली?"

आता नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "हो. पूर्ण ऐकली. मस्त."

"आन् एक नंबर?"

मला काय माहीत तिचा एक नंबर कोणता! पण त्याची गरजच काय होती? नियम पाठ होता. मी हसून म्हटलं, "एक नंबर नाई पटला बाप्पा."

पलीकडे गलका चालू होता. भांडीवाला गिऱ्हाइकांना हाका मारत होता.

"खरंच नाई पटला?"

"अजिबात नाई. चुकली तू यंदा."

"बरं," ती म्हणाली. "असू दे." आणि फोन ठेवला. भांडली नाही. मला वाटलं, पैसे संपले असतील तिचे फोनचे.

त्यानंतर कॅसेट आली नाही. मी माझी पाठवली, उत्तर नाही. पुढच्या वर्षीही नाही. चार-पाच वर्षांनी अमरावतीत एका लग्नात ती दिसली, वाळून काडी झालेली. मी धावले. तिनं बरोबरच्या बायकांना माझी ओळख करून दिली, "ह्या मॅडम. कॉलेजात होतो आमी संगं." मग माझ्याकडे वळून, "तुमी जेवल्या का?" तुमी! माझ्या अंगावर उशी घेऊन येणारी शालू मला तुमी म्हणाली. मला राग आला. संसारात पडल्या की बायका अशाच होतात, असं काही तरी स्वतःशी म्हणून मी पंगतीत जाऊन बसले.

तो अल्बम मात्र मी वर्षानुवर्षं ऐकला. त्या कॅसेटवरून. त्यातलं अकरावं गाणं मला कधी आवडलं नाही, एक माणूस उगाच शिट्टी वाजवत राहतो. दहावं संपलं की मी उठून टेप बंद करायचे. दरवेळी. मग टेप बिघडली आणि माळ्यावर गेली, ती कित्येक वर्षं तिथंच.

यंदा दिवाळीनंतर ती काढली. वहिदभाई अजून आहेत, आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण जुनी टेप दिसली की डोळे चमकतात. दोन दिवसांत चालू करून दिली. "रबर गल गया था, मास्तरनी. आवाज तो अंदर ही पड़ी थी." घरी आणली, कॅसेट लावली, आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. दहावं गाणं संपलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. म्हटलं, वाजू दे मेल्याची शिट्टी. शिट्टी वाजली, संपली. खर्रर्र झालं. आणि मग कोणी तरी गुणगुणायला लागलं.

शब्द नव्हते, नुसतं खालचं. धम्म, धम्म, धम्म. 'खुर्चीवाला'मधलं गाणं होतं ते, मी ओळखलं. दबलेला आवाज, गोधडीतून येणारा. मग गुणगुणणं थांबलं.

"ते दोन नंबर झालं. हसू नको वं. यंदा गाणी भरता नाई आली, म्हणून सारी म्याच म्हणून टाकली. दुपारची वेळ आहे, गोधडी पांघरून बसली. गावात यंदा टेप लावताच नाई आला. कोणाच्या घरी झालं का गाव तेरा दिवस काही लावत नाई. एकाची तेरवी होत नाई तं दुसऱ्याचे दिवस लागतात. आता तं पोट्टेबी लावत नाई."

गोधडी सळसळली, आवाज आणखी खाली आला.

"आता एक नंबर. विभे, मले नोकरी लागली. सेमाडोहच्या पुढं, आश्रमशाळेत, पोरींच्या वसतिगृहावर. एक तारखेले हजर व्हा म्हणते. पण तिथी लेकरू ठेवता नाई येत. पिंकीले जूनपर्यंत तू ठेवशीन का? चार वर्षांची आहे, तिचा काही तरास नाई. इथी तिले ठेवून नाई जाऊ शकत मी. हे दिवसभर ओट्यावर बसून राहतात, बोलत नाई. फवारणीचे डबे मी रोज जागा बदलून लपवते. लपवता लपवता एखाद्या दिवशी मीच तो डबा हातात घेऊन पाहत बसते. बुधवारी फोन करीन. तिथी लोक असतात, बोलता नाई येत. म्हणून फक्त एक नंबरचं विचारीन. पटला तं पटला म्हणजो. नाई तं नाई. पण दरवर्षीसारखं उगाच नाई पटला म्हणू नको बरं. यंदा खरं सांगजो."

मग कॅसेट संपली आणि टेपचं बटण खाडकन वर आलं. माझ्या हातांवरचं पीठ वाळून तडकायला लागलं तरी मी तिथंच उभी होते.

मी स्वतःला शिव्या घातल्या, देवाला घातल्या, त्या बंदला घातल्या. काही उपयोग नाही. बावीस वर्षं मी मनात शालूला दोष देत होते, की हिनं संगीत सोडलं, मैत्री सोडली. तिनं काहीच सोडलेलं नव्हतं. एका वर्षात दहा तेरव्या झालेल्या गावात, गोधडीत बसून ती माझ्यासाठी एकामागून एक गाणी म्हणत होती. आणि मी तिच्यावर काय भरलं? त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अल्बम.

परवा गेले तिच्या गावाला. शाळेच्या मागे पत्र्याच्या शेडखाली ती मोठ्या पातेल्यातली खिचडी ढवळत होती. एम. ए. झालेली शालू. केस पांढरे. मी कॅसेट पुढे केली तर तिनं ओळखली. आपल्या सुरीनं मोडलेल्या खाचा, त्यात माझे कागदाचे बोळे. ती त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ऐकलीच नव्हती, खोटं बोलले, नियम म्हणून नाई पटला म्हटलं.

"मी समजली तू गोड बोलून नाई म्हणली," ती म्हणाली. "वाटलं, खरंच आहे, दुसऱ्याचं लेकरू कोण ठेवते?"

"पिंकी?"

"अठरा झाले तसं देऊन टाकली. तिकडं तेल्हाऱ्याकडं. तिले दोन आहेत आता."

"आणि हे?"

"आहेत. ओट्यावर." तिनं पळी पातेल्याच्या काठावर आपटली. "डबे मी अजून हलवते."

पोरं ताटल्या घेऊन रांगेत यायला लागली. ती त्यांना वाढू लागली. चार-पाच जणांना वाढून झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग ऐकली असती तं? हो म्हणली असती?"

माझी तेव्हाची खोली माझ्या डोळ्यांपुढे आली. दहा बाय दहा. तासावरची नोकरी. आई लग्नासाठी मागे लागलेली, आठवड्याला एक पाहुणा येऊन पोहे खाऊन जाणारा. कपाटावर कॅसेटी. तिथं चार वर्षांची पिंकी, सहा महिने.

"हो," मी म्हणाले. "हो म्हटलं असतं वं, शालू."

तिनं पळी थांबवली आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे पाहिलं.

"नाई पटलं," ती म्हणाली, आणि पुढच्या पोरीच्या ताटलीत खिचडी वाढली.